तिच्या वाट्याची वाक्यं

स्नेहल त्या शनिवारी दुपारी माझ्या दारात आली तेव्हा तिच्या हातात करड्या पुठ्ठ्याची एक जाडजूड कादंबरी होती. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकायला न्यावा, तशी तिनं ती एका कोपऱ्याला धरली होती.

"मावशी, ही तुमच्याकडं ठेवा. घरात राहिली तर मी चुलीत घालीन."

"तुझ्याकडे चूल कुठे आहे गो? गॅसवर कादंबरी नीट जळत नाही. बस आधी."

ती बसली आणि रडायला लागली. रडण्यातलं मला कळतं. उमेदीची सगळी वर्षं मी रंगमंचावर रडण्यात घालवली आहेत. गावोगावच्या देवीच्या जत्रेत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, घोंगड्या पांघरून बसलेल्या शेवटच्या रांगेपर्यंत हुंदका पोचवला आहे. हिच्या रडण्याला आवाजच नव्हता. भिंतीपलीकडे नवरा पडून होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती ओढणीचा बोळा तोंडाशी धरून रडत होती.

बिरवाडीतल्या आमच्या चाळीत बहुतेक कारखान्यातली माणसं भाड्यानं राहतात. येतात, दोन-तीन वर्षांत निघून जातात. मी मात्र इथलीच झाले, कारण आमच्या नाटकांना पेटी वाजवणारे सहदेव इथले आणि त्यांच्याशी मी संसार केला. ते गेले, खोली राहिली. स्नेहल आणि अनिल माझे शेजारी. ती शिवथरच्या खोऱ्यातली, अनिल पोलादपूरकडच्या डोंगरातला. अनिलला मी त्याच्या लग्नाआधीपासून ओळखते, तीही एक गंमतच आहे.

त्याच्या गावच्या जत्रेला मुंबईला असलेली मंडळी नाटक करायची. तालमी मुंबईत व्हायच्या. स्त्री पात्रं बाहेरून यायची. आम्ही नाटकाच्या दिवशी दुपारी एसटीतून उतरायचो आणि तोंडाला रंग लावून थेट उभ्या राहायचो. एका वर्षी मी राजमाता होते आणि अनिल शिपाई. उंचापुरा, मिशा खऱ्या. त्याला वाक्य एकच होतं, 'आईसाहेब, खलिता आलाय.' पठ्ठ्या आत आला, झकास मुजरा केला, आणि उभाच. समोर सगळी भावकी बसलेली. मी वाट पाहिली, पाहिली, आणि शेवटी स्वतःच म्हटलं, "तुझ्या चेहऱ्यावरूनच कळलं रे, खलिता आलाय!" टाळ्या मला मिळाल्या. पुढे लग्न करून तो आमच्या चाळीत राहायला आला, तेव्हा सामान उतरवता उतरवता बायकोला म्हणाला, "ह्याच त्या मावशी. ह्यांनी माझं वाक्य खाल्लं."

असा हसरा माणूस. कारखान्यात वायू सुटला तेव्हा तो दुसऱ्यांना बाहेर ओढत राहिला, आणि त्यात स्वतःच्या छातीत किती घेऊन बसला ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. फुप्फुसं कामातून गेली. नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र, दिवसरात्र त्याची घरघर. वीज गेली की यंत्र शिट्टी मारून बंद पडायचं. मग कुणीतरी धावत जाऊन सिलिंडर जोडून द्यायचा. अनिलला स्वतःला उठून ते जमत नसे. आणि बिरवाडीतली वीज कधी जाईल हे विजेलाही माहीत नसतं.

कंपनीनं स्नेहलला नोकरी द्यायचं कबूल केलं होतं. पदवी असेल तर ऑफिसात, दिवसाची. नसेल तर कँटीनमध्ये, ठेकेदाराच्या हाताखाली, आणि तिथे रात्रपाळी कुणाला चुकत नव्हती. ऑफिसातली जागा जूनपर्यंतच राखून ठेवणार होते. ही रात्रपाळीला गेली आणि इकडे वीज गेली तर? हा प्रश्न ती कधी पुरा करत नसे. "रात्री वीज..." एवढं म्हणायची आणि थांबायची. मला एका कानानं ऐकू येत नाही आणि रात्री गोळी घेतल्याशिवाय डोळा लागत नाही. रात्री माझ्या भरवशावर कुणाचा श्वास ठेवावा अशी मी राहिलेली नाही.

म्हणून ती महाडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसली होती. ती कॉलेजात असताना दिवसा वीज गेली तर मी शेजारून धावत जायचं, एवढं ठरलेलं. पहिली दोन वर्षं लग्नाआधी झालेली. वर्गात वीस-वीस वर्षांच्या पोरी आणि त्यांत ही चौतिशीची. विषय मराठी. बाकीचे पेपर घोकून काढायची तिची तयारी होती. अडलं ते या कादंबरीपाशी. वर्गाला एक कादंबरी नेमलेली. दर आठवड्याला थोडी वाचायची आणि शनिवारी आपल्याला काय वाटलं ते पानभर लिहून द्यायचं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेरचे परीक्षक येऊन त्यावर तोंडी परीक्षा घेणार. त्यात नापास झाली तर पदवी थेट हिवाळी परीक्षेवर, म्हणजे ऑफिस गेलंच.

"आहे तरी काय त्या कादंबरीत?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाय ना! एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा हाय. त्याला जुनी एक दुपार आठवायची हाय. सगळं पुस्तकभर तो ती दुपारच आठवतोय. मधेच तो लहान होतो, मधेच त्याचा बाप बोलायला लागतो, आणि एके ठिकाणी तर अकरा पानं पूर्णविरामच नाय! मी वाक्य कुठं संपतंय बघत बसते, तेवढ्यात ह्यांना ढास लागते. उठते, पाठ चोळते, परत येऊन बघते तर कोण बोलत होतं तेच हरवलेलं."

पहिल्या शनिवारी तिनं मोबाइलवरून काहीतरी उतरवून दिलं होतं. त्यांच्या निशिगंधा मॅडमनी ते परत केलं. "छान आहे, पण यात तुम्ही कुठे आहात?" दुसऱ्या शनिवारी तिनं एकच ओळ लिहिली, 'मला कळलं नाही.' मॅडम म्हणाल्या, "मग कुठे कळलं नाही ते तरी लिहा." मॅडमचा दोष नव्हता. तीही बिचारी तासिकेवर राबणारी पोर, सुट्टी लागली की तिचाही पगार बंद. आज तिसरा शनिवार, आणि आज स्नेहलनं काहीच दिलं नव्हतं.

"तुम्ही एवढी नाटकं केलीत मावशी," ती नाक पुसत म्हणाली. "एवढं सगळं वाचून डोक्यात कसं बसवायचात?"

"सगळं कुणी वाचलंय? आम्हाला अख्खं नाटक कोण देत होतं? नक्कल यायची पोस्टानं."

नक्कल म्हणजे आपल्या वाट्याची वाक्यं तेवढी उतरवलेले कागद. प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द लिहिलेले असायचे. ते कानावर पडले की आपण बोलायचं, बोलून झालं की पुढच्या शब्दांची वाट बघायची. मधे इतर पात्रं काय करतात याच्याशी आपलं देणंघेणं नाही. एका नाटकात मी कितीतरी गावांत सून झाले. शेवटी सासराच खुनी निघतो, हे मला एका गावी चहा देणाऱ्या बाईनं सांगितलं. मी म्हटलं, "अगं बाई, खरंच? मी त्याच्या पाया पडते रोज!"

स्नेहल हसली नाही. तिनं कादंबरी मांडीवर घेतली. "मग हिची नक्कल केली तर? एकाच माणसाची?"

"कुणाची?"

"म्हाताऱ्याची बायको हाय. तिला नाव पण नाय दिलेलं. पण ती बोलते तेवढं मला कळतं."

पुस्तकभर शोधून तिनं त्या बाईची वाक्यं कागदावर उतरवली. जेमतेम दोन पानं भरली. 'चहा टाकू का?' 'खिडकी लावून घेऊ?' 'आज बरं वाटतंय ना?' 'ऐकताय का?' म्हातारा एकदाही उत्तर देत नाही. चौथ्या शनिवारी स्नेहलनं लिहून नेलं, की ही बाई रोज तेच विचारते, पण तिला चहाचं उत्तर नको आहे. समोरचं माणूस अजून तिथे आहे ना, एवढंच ती चाचपून बघते. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. स्नेहल रिक्षातून उतरली ती थेट माझ्याकडे. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा मी उजेडात पाहिला.

पुढे तोंडी परीक्षा होती, म्हणून मी तालमीचा हट्ट धरला. अनिलला सोडून येता येत नसे, म्हणून तालीम तिच्याच खोलीत. खोलीच्या मधोमध जुन्या साडीचा पडदा, पलीकडे त्याची खाट. मला तर घरी आल्यासारखंच वाटलं.

"पुटपुटू नकोस. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

"त्यांना झोप लागलीय मावशी."

पडद्यामागून धापांमध्ये तुटलेला आवाज आला, "मावशी... हिचं तरी... वाक्य... खाऊ नका."

आम्ही तिघंही हसलो. त्याला हसण्याचाही त्रास व्हायचा, मग यंत्राच्या घरघरीत त्याचा खोकला मिसळायचा आणि स्नेहल पडदा सारून आत पळायची.

सहाव्या आठवड्याच्या वाचनात त्या बाईची वाक्यं संपली. पुस्तक निम्म्याहून थोडं पुढे गेलं होतं आणि तिथून शेवटापर्यंत ती एक अक्षर बोलत नव्हती. पुढे फक्त म्हातारा आणि त्याची दुपार. स्नेहलनं त्यावर लिहिलं आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणून दाखवलं.

"ती मेली असेल तर पुस्तकात कुणी रडलेलं नाही. निघून गेली असेल तर दार वाजलेलं नाही. पण ती निघून गेली असेल, तर मी तिला दोष देणार नाही. उत्तर न देणाऱ्या माणसाच्या शेजारी रोज बसणं काय असतं, ते मला माहीत आहे."

लिहिलेलं फार चांगलं होतं. आणि मी, तालमीची सवय झालेली बाई, म्हणाले, "शेवटची दोन वाक्यं परत घे. मोठ्यानं."

तिनं मोठ्यानं घेतली. पडद्यामागे खाट करकरली. मग नुसती यंत्राची घरघर. स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. शेवटची रांग पडद्यामागेच होती.

त्या दिवसापासून अनिल गप्प झाला. टोमणा नाही, थट्टा नाही. ती 'चहा टाकू का?' विचारायची, तो भिंतीकडे तोंड करायचा. नळावर पाणी भरताना ती मला म्हणाली, "मी कुठं जाणार हाय मावशी? माहेरी भाऊ-भावजयच दोन खोल्यांत हायत. ते नुसतं लिवलं होतं गो, पुस्तकातल्या बाईबद्दल." मग हंडा भरून वाहायला लागला तरी ती तशीच उभी. "पण खोटं नव्हतं लिवलं," ती म्हणाली.

तोंडी परीक्षा सोमवारी होती. शनिवारी मॅडमनी वर्गाला सांगितलं, की येणारे परीक्षक जुन्या वळणाचे आहेत, ते अख्खी कादंबरी विचारतात. नायक कोण, त्याला काय हवंय, ती दुपार कसली. स्नेहलला नायकाचं काहीच माहीत नव्हतं. माझ्या नाटकवाल्या पद्धतीनं तिनं एका बाईची दोन पानं वाचली होती, बाकीचं पुस्तक नुसतं चाळलं होतं.

रविवारी सकाळपासून ती पानं उलटत बसली. मी त्यांच्याकडेच होते, भाजी निवडत. दुपारी वीज गेली. यंत्रानं शिट्टी मारली. ती उठली, सिलिंडरची चावी तिच्या हातून निसटली, परत उचलली, परत निसटली. शेवटी आम्ही दोघींनी मिळून नळी जोडली. ती पडद्याबाहेर आली, खाली बसली आणि कादंबरी तिनं भिंतीवर भिरकावली.

"नाय जायची मी उद्या. कँटीन तर कँटीन. जाईन रात्रपाळीला. वीज जाऊ दे नायतर राहू दे. मरू दे सगळं!"

बोलून गेली आणि तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. यंत्र बंद, पंखा बंद. सिलिंडरची बारीक शीळ तेवढी.

"आईसाहेब," पडद्यामागून अनिल म्हणाला.

मी मान वर केली.

"खलिता... आलाय."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. स्नेहलला काही उमगेना. तिनं पडदा सारला.

"पुस्तक... वाचलंय मी," तो म्हणाला. "तू कॉलेजला जायचीस... तेव्हा. दोनदा."

"तुम्ही?"

"छत बघून... किती बघू? अर्धं कळलं. ती अकरा पानं... नाय कळली. पूर्णविराम नाय... तिथं माझाच... दम गेला."

स्नेहल खाटेच्या कडेला टेकली. "ती बाई कुठं गेली ओ?"

"कुठं नाय गेली. सगळं पुस्तक... त्या म्हाताऱ्याच्या... डोक्यातलं ना? त्याला ऐकू येतं... तेवढंच पुस्तकात येतं. तो आत आत... गेला. ती विचारतेय. रोज विचारतेय. त्याच्यापर्यंत... पोचत नाय." त्यानं डोळे मिटले, श्वास गोळा केला. "मला पोचतं, स्नेहल. उत्तराला... दम लागतो. म्हणून..."

वाक्य तिथेच राहिलं. या वेळी मी त्याचं वाक्य पुरं केलं नाही.

मग दुपारभर त्यानं तिला तो म्हातारा सांगितला. दोन शब्द, थांबणं, दोन शब्द. म्हाताऱ्याचा बाप, बंद पडलेलं घड्याळ, दारात उभा असलेला कुणीतरी पोस्टमन. त्याचे ओठ निळसर व्हायला लागले. ती म्हणाली, "पुरे. बस झालं." तो एक बोट वर करायचा, अजून एक. मी म्हटलं, "अनिल, ऐक तिचं." रंगमंचावर ज्याला आपलं वाक्य कधीच बोलता आलं नाही, त्या माणसानं ते सापडल्यावर पाहावं, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. वीज आली तेव्हा तो अर्धवट बोलतच होता, आणि यंत्राच्या घरघरीत तो काय म्हणतोय ते कळेनासं झालं.

सोमवारी सकाळी त्याचा आवाज उठेना. डॉक्टर येऊन गेले, औषधं वाढवली. स्नेहल दारात चपला घालून उभी, जाऊ की नको. त्यानं हातानं 'जा' केलं. मी त्याच्याजवळ बसले आणि ती गेली. त्या आठवड्यात चवदार तळ्यावरच्या कार्यक्रमांची महाडात गर्दी होती, रिक्षा लांबच्या रस्त्यानं नेली, ती धावत वर्गात शिरली.

आत काय झालं ते तिनं संध्याकाळी सांगितलं. परीक्षकांनी नायकाबद्दल विचारलं, तिनं अनिलचं सगळं सांगितलं. त्या बाईची वाक्यं का थांबतात हेही सांगितलं. ते म्हणाले, "हे कोणत्या समीक्षेत वाचलंत?" ती म्हणाली, "घरी ऐकलं." मग त्यांनी विचारलं, "शेवटी त्याला ती दुपार आठवते का?"

अनिल तिथपर्यंत पोचलाच नव्हता.

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, सर, सांगणाऱ्याचा दम तिथपर्यंत पुरला नाही." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यांनी नुसतं काहीतरी लिहिलं."

ती काठावर पास झाली. निकाल वेळेत आला, पदवी झाली, जागाही मिळाली. सकाळी नीटनेटकी साडी नेसून ती कंपनीच्या बसनं जाते, दिवे लागायच्या आत परत येते. रात्री वीज गेली तर उठायला ती घरात असते. जे हवं होतं ते सगळं झालं.

अनिलचा आवाज मात्र त्या रविवारनंतर नीट परत आला नाही. डॉक्टर म्हणतात, त्या दिवशी तो बोलला नसता तरी हे व्हायचंच होतं. स्नेहलला ते पटत नाही, आणि मी तिला पटवायला जात नाही.

दिवसा मी त्याच्याजवळ बसते. पहिल्या दिवशी तिला म्हटलं, "माझी नक्कल देऊन जा." तिनं खरोखरच एका कागदावर तिची रोजची वाक्यं लिहून दिली. औषध घेताय ना? खिडकी लावून घेऊ? उशी वर करू? चहा टाकू का? एवढ्या नकला पाठ केल्या, पण समोरच्याचा एकही शब्द नसलेली ही पहिलीच. कशाची वाट बघायची आणि कधी बोलायचं, ते कागदावर कुठेच नाही. मी विचारते आणि थांबते. कधी तो बोट उचलतो. परवा नाही उचललं. मी पुन्हा विचारलं, मोठ्यानं, शेवटच्या रांगेला जाईल असं. चाळीतली पोरं दारात येऊन बघायला लागली.

रविवारी स्नेहल त्याला ती कादंबरी वाचून दाखवते. तिला शेवट माहीत नाही, त्याला माहीत आहे आणि सांगता येत नाही. पानं उलटून बघ म्हटलं तर ती ऐकत नाही. वाचत वाचत ती आता त्या अकरा पानांपाशी आली आहे, जिथे थांबायला जागाच नाही.

काल संध्याकाळी ती बसमधून उतरून आली आणि दारातच तिनं मला विचारलं, "बोलले काही?"

मी मान हलवली. तिनं पर्स खुंटीला लावली, हात धुतले आणि पडदा सारून आत गेली.

"चहा टाकू का?" ती म्हणाली.

मी पडद्याच्या अलीकडे श्वास रोखून उभी राहिले. यंत्र घरघरत होतं. ती तिथेच खाटेपाशी उभी होती, आणि आम्ही दोघी वाट बघत होतो.